रुक्मिणबाईंना न विचारता

११ नोव्हें., नांदेड
सकाळपाळी. सर्जरी वॉर्ड गच्च, सिस्टर दोघीच. बेड ९ च्या रुक्मिणबाईंची पट्टी केली. हदगावकडच्या. शुगरची जखम, डाव्या पावलाचा काळेपणा वर चढलेला. उद्या गुडघ्याखालून पाय काढायचा.
पट्टी बांधताना म्हणाल्या, "बाई, कापूस वेचणी चालू झाली. आठ दिसांत चालता येईल ना?"
"मावशी, उद्या काय करणार ते सांगितलंय ना तुम्हाला?"
"हाव. जखम साफ करून राहिले म्हणं."
पट्टी संपवली. फाईल काढली. संमतीपत्रावर पेशंटच्या जागी मुलाची सही. खाली 'कागद तपासले', तिथं माझी खूण. कालची. सही आहे एवढंच बघितलं, कोणाची ते नाही.

संध्याकाळ
ड्यूटी सुटताना त्यांचा मुलगा ज्ञानेश्वर जिन्यात भेटला. "सिस्टर, तिला सांगू नका. न्हाई म्हणंल अन् मरंल." रडत होता. माणूस वाईट नाही. आईचं सगळं हातानं करतो.
मी तशीच घरी आले.  लातूरला नवी होते तेव्हा राउंडमध्ये असंच एका सहीबद्दल विचारलं होतं. तिथले सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तू डॉक्टर आहेस का?" तेव्हापासून विचारणं सोडलं. मग हळूहळू दिसायचंही बंद झालं. हे आज कळलं.

१२ नोव्हें.
तासभर आधीच गेले. इन्चार्ज सुनीताताईंना सांगितलं. वाटलं, म्हणतील, तुला काय करायचंय. त्या एवढंच म्हणाल्या, "एकटी जातीस का मी येऊ?"
दोघी गेलो. ऑपरेशन करणारे सर थिएटरच्या कपड्यात. "मुलानं सही दिलीय ना?"
ताई : "सर, पाय आईचा आहे. त्या शुद्धीत आहेत."
सर चिडले. आज सांगता? कालच का नाही? ते बरोबर होतं. मी म्हटलं, "चुकलं सर. कालच सांगायला पाहिजे होतं." 
मग सर स्वतः आले. स्टूल ओढून बेडजवळ बसले, साध्या शब्दांत सगळं सांगितलं. पाय ठेवला तर विष अंगभर जाईल, तेही.
रुक्मिणबाईंनी सगळं ऐकलं. मग मुलाला, "मला कामून न्हाई सांगितलं रे?"
लगेच सरांना,
"आज न्हाई. माझी लेक येऊ द्या लातूरहून."
सर म्हणाले, उद्या सकाळ. त्याहून उशीर नको.
दिवसभर धाकधूक. नाहीच म्हणाल्या तर? ताप चढला तर? माझ्यामुळं...

१३ नोव्हें.
लेक पहाटेच्या गाडीनं आली. रुक्मिणबाई म्हणाल्या, पट्टी सोड, बघू दे. सोडली. बघितलं. नडगीवर हात फिरवला. "लई चालला," म्हणाल्या.
मी सवयीनं शाईचं पॅड पुढं केलं.
"सही येती मला."
एकेक अक्षर लावून पूर्ण नाव लिहिलं. मी पॅड खिशात घातलं.
ऑपरेशन नीट झालं. दुपारी बाहेर आल्या, बोलत होत्या. स्टाफरूममध्ये ताईंच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. ताई म्हणाल्या, "रड, मग चहा पी." किती दिवसांनी इतकं हलकं वाटलं.

१५ नोव्हें.
राउंडमध्ये सर सगळ्यांसमोर : "पेशंटची सही नसेल तर आदल्या दिवशी मला सांगायचं. कोणीही." आवाज रागाचाच. तरी 'कोणीही' म्हणाले.
ज्ञानेश्वर दोन दिवस माझ्याकडं बघत नव्हता. आज औषध घेताना हळूच, "ऐकलं हो तिनं. मलाच भरोसा नव्हता."

१६ नोव्हें.
आज पट्टी उघडली. एका कडेला थोडं काळसर. सर म्हणाले, दोन दिवस बघू.
ते गेल्यावर रुक्मिणबाईंनी मनगट धरलं. "काय दिसून राहिलं? खरं सांग पोरी."
सांगितलं.
"अजून वर कापावं लागंल?"
"माहीत नाही मावशी. परवा कळेल."
"हाव," म्हणाल्या. मग लेकीला सांगितलं, उशी उंच कर, मला बसायचंय.