गोठ्यामागचा म्हसोबा

मार्गशीर्ष शु. ४, शके १८५९. चारठाणा

हेडमास्तरांनी आज तहसिलीचा कागद माझ्यापुढं सरकवला. गावात जुन्या इमारती कोणत्या, कुठं आहेत, लोक त्यांच्याबद्दल काय सांगतात, याची फेहरिस्त करा. हैदराबादहून जुन्या इमारतींच्या खात्याचे साहेब दौऱ्यावर यायचेत. हे. मा. म्हणाले, तुमचं अक्षर बरं आहे. म्हणजे बाकीच्यांना काम नको.

शाळा सुटल्यावर हिंडलो. वीट आला. देवळाच्या भिंतीवर नाचणाऱ्या बाया कोरल्यात, त्यांच्या तोंडावर गोवऱ्या थापलेल्या. एका खांबाला म्हैस बांधलेली. गाभाऱ्यात कडबा. ओढ्यावर धुणं आपटतात तो दगड उलटा करून बघितला तर खाली देवीचा हात. नाक धरून फिरायचं आणि वहीत लिहायचं.

गोष्ट विचारावी तर सगळीकडं एकच. राक्षसानं एका रात्रीत बांधलं, कोंबडा आरवला म्हणून अर्धं राहिलं. सहा देवळं, सहा राक्षस, सहा कोंबडे. माणसानं काही बांधलं असेल यावर गावात एकाचाही विश्वास नाही. म्हातारे वर तोंड करून सांगतात, रोज एका देवळात गेलं तर वर्ष पुरायचं नाही. आणि त्याच भिंतीला लघवी करतात.

मार्ग. शु. ६

सापडलं.

पाटलाच्या गोठ्यामागं पडकं देऊळ आहे, तिथं उकिरड्याला टेकून एक शिळा. गोठ्यात शेण काढणारी गयाबाई तिच्यावर टोपली ठेवून उभी होती. टोपली उचलली तर खाली अक्षरं. खुरपं मागून घेतलं, माती काढली. नऊ ओळी. जुनी नागरी, मोडी नव्हे. वरचा वीतभर भाग कोरा, त्यावर सूर्य-चंद्र. पहिल्या ओळीत ‘स्वस्ति श्री शके’ सरळ वाचता येतं. आकडा झिजलाय. अंधार पडेपर्यंत दोन ओळी उतरवल्या. जसं दिसलं तसं, अर्थ लागो न लागो.

कुणी बांधलं ते यात असणार. राक्षस नाही, कोंबडा नाही. कुणाचं तरी नाव.

गयाबाई म्हणाली, “गुर्जी, धन हाय का खाली?” नाही म्हणालो. मग तिनं टोपली परत ठेवली.

मार्ग. शु. १०

फेहरिस्त तहसिलीत गेली. दोन ओळींची नक्कल जोडली. पातळ कागद परभणीहून मागवलाय, तो आला की उरलेल्या ओळींचा शाईनं ठसा घेईन.

मार्ग. व. १

पाटील नवा गोठा बांधायलाय. वडार आलेत. पडक्या देवळाचे घडीव दगड आयतेच, जोत्याला घ्यायचे. शिळाही. लांब आहे म्हणून मधून फोडायची.

धावत गेलो. पाटील बाजेवर बसून पान खात होते. विनवलं, सरकारी साहेब येणार आहेत म्हणून सांगितलं. म्हणाले, “गुर्जी, तुमची अक्षरं आतल्या अंगाला घालतो की. ऊन न्हाई, पाऊस न्हाई. लय टिकतील.” आणि हसले. बाजूचे चारजण पण हसले. पाटलाला शिंक आली तरी ते हसतील.

तहसिलीला कागद करावा तर तिथून उत्तर येईपर्यंत गोठ्यात वासरं जन्मतील.

परत येताना वडाराजवळ थांबलो. यल्लप्पा त्याचं नाव, वयस्क माणूस. तो मात्र नीट बोलला. म्हणाला, आमी पोटासाठी फोडतो, आमाला दगड सारखाच. गावोगाव देवळं उतरवलीत. “फकस्त शेंदूर आसला तर हात लावत न्हाई. तेवढं पाळतो.”

परवा सकाळी फोडणार.

मार्ग. व. २

केलं.

हे. मा.ना पोट दुखतं सांगून बाराला निघालो. गाव सगळं कापूस वेचायला गेलेलं, वडार झाडाखाली जेवायला बसलेले. वाटीत तेल-शेंदूर कालवून नेला होता. वरच्या कोऱ्या भागावर वीतभर फासला, दोन डोळे काढले. अक्षरांना बोट लागू दिलं नाही.

हात राखेनं तीनदा धुतले. नखात राहिलाच. वर्गात पोरांना सांगतो, दगडाला शेंदूर फासून देव होत नसतो. स्वतःचीच शिसारी आली. पण दगड उभा आहे.

मार्ग. व. ३

गयाबाईनं आधी बघितलं. टोपली तिथंच टाकून ओरडत गेली. यल्लप्पानं छिन्नी खाली ठेवली, कानाला हात लावला. संध्याकाळी पाटील स्वतः नारळ घेऊन आले. गोठा चार हात अलीकडं घेणार आहेत.

मी लांबून बघत होतो. लय हसू आलं. आता घाई नाही. कागद येऊ दे, निवांत ठसा घेऊ.

मार्ग. व. ५

सासऱ्यांना बरं नाही, निरोप आला. सौ.ला घेऊन पिंगळीला निघतोय. सेलूपर्यंत बैलगाडी, पुढं रेल्वे. तिला पाचवा संपत आलाय, हबके सोसतील का याची धास्ती. आधीची दोन्ही पोटातच गेली.

पौष शु. ४

चौदा दिवसांनी परतलो. सासरे बरे आहेत. घरात ट्रंक ठेवली आणि कागद घेऊन तडक गोठ्यामागं गेलो.

काय लिहू. शिळा वरपासून खालपर्यंत लाल. बोटभर थर. अक्षरांच्या खाचा तेला-शेंदरानं बुजल्यात. वर चांदीचे डोळे चिकटवलेत. पायथ्याशी कोंबड्याची मुंडकी, पिसं, माशा. गयाबाई शेंदराची वाटी घेऊन आणखी फासायलीय. म्हणालो, अगं, वरच होता की, खाली कशाला लावलास? तर माझ्याकडंच चमकून बघितलं. “देव निम्मा उघडा ठिवावा का गुर्जी?”

चूक तिची नाही. शेंदूर सुरू केला की पुरता करायचा, हे या गावात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मला नव्हतं. चौदा दिवस. खरंतर चार तास बसलो असतो तर झालं असतं. मी हसत बसलो.

पौष शु. ११

पाटलांनी बोलावून घेतलं. फेहरिस्तीत घालायला गोष्ट सांगितली. त्यांच्या स्वप्नात म्हसोबा आला, म्हणाला, मला जोत्यात घालू नको, तुझं वाटोळं होईल. पहाटे उठून बघतात तर दगडाला आपोआप शेंदूर फुटलेला.

हे डोळ्यांत डोळे घालून सांगितलं. खोटं बोलत असते तर बरं होतं. त्यांना आता खरंच तसं वाटतंय. राक्षस आणि कोंबडे असेच झाले असतील, कुणा मास्तराच्या वाटीतून. तरी लिहून घ्यावं लागतं, कारण रकान्यात म्हटलंय, लोक काय सांगतात.

पौष व. ११

सौ.च्या बोटांना शेंदूर दिसला. पिंगळीहून आल्यापासून रोज जायलीय म्हणे, मी शाळेत असताना. नवस बोललीय. मी काही म्हणायच्या आधीच म्हणाली, “तुमी मानत नाहीत, मला माहीताय. मानू नका. फक्त आडवे येऊ नका. सातवा लागला, आजवर एकदा पण दुखलं नाही.”

खरं आहे ते. दोन्ही वेळी सहाव्यातच.

पहिला शेंदूर मीच लावला, हे तिला सांगितलं नाही. आपल्या घरातली वाटी ती, आपल्याच तेलाची. सांगितलं आणि काही बरंवाईट झालं तर? ती जन्मभर मला दोषी धरील. आणि मी पण मलाच.

माघ शु. ९

तिथं आता ओटा बांधलाय. गोठा राहिला बाजूला. पोखर्णीच्या वाटेनं जाणारे लोकसुद्धा वाकडी वाट करून येतात. धुण्याच्या दगडाखालची देवी तशीच उलटी पडलीय, तिच्याकडं कुणी बघत नाही. तिला डोळे काढायला कुणी मास्तर भेटला नाही.

फाल्गुन शु. ३

साहेब आले. किळस आली मला आज. गावाची नाही.

साठीचे, बारीक अंगाचे, शेरवानीवर धूळ. मोठ्या देवळात जोडा बाहेर काढून शिरले. आपल्या लोकांनी कडबा ठेवला तिथं. खांबावरच्या बाईच्या पायावरची गोवरी रुमालानं हळू पुसली. माझी दोन ओळींची नक्कल त्यांच्या खिशात होती. म्हणाले, हिच्यासाठीच आलो. ठशाचं सगळं सामान हैदराबादहून बांधून आणलं होतं.

गोठ्यामागं नेलं. निम्मं गाव जमलेलं. साहेब लाल शिळेसमोर वाकले. मग मला विचारलं, “मास्तरसाब, ये शेंदूर कबसे है?”

मी तोंड उघडायच्या आत पाटील म्हणाले, “बापजाद्यापासून हाय, सरकार.” सगळ्यांनी माना हलवल्या. गयाबाईनं पण. तिनंच पहिल्यांदा बघितला होता. पण साहेब पाटलाकडं बघतच नव्हते, माझ्याकडं बघत होते. माझ्या नकलेवर मार्गशीर्षातली तारीख आहे, माझ्या हातची. बायांच्या घोळक्यात सौ. उभी होती, पोटाखाली हात धरून.

मी म्हणालो, “लोक असंच सांगतात, साहेब.”

ते म्हणाले, लोकांच्या देवाला मी हात लावणार नाही. सामान परत बांधायला लावलं. गाडीत बसताना नक्कल उघडून मला दाखवली. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ‘याचा पुत्र’ असं आहे, नाव पुढच्या ओळीत. “बस एक सतर और होती,” म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

एक ओळ. माझ्याकडं अख्खी दुपार होती.

चैत्र शु. ९, शके १८६०

मुलगा. पहाटे. दोघं सुखरूप. रडला तेव्हा मी घराच्या ओट्यावर बसलो होतो. पाटलांनी साखर पाठवली. गयाबाई दारातून म्हणाली, पावला बघा गुर्जी. मी हो म्हणालो.

वैशाख व. ५

साहेबांचं पत्र आलं. माझ्या नावानं, घरच्या पत्त्यावर. स्वच्छ मराठीत, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. दोष एका शब्दानं दिलेला नाही. शेंदूर अलीकडचा आहे, असं गावातल्या एकानं सहीनिशी लिहून दिलं तर शिळा साफ करून हैदराबादेत न्यायचा हुकूम काढता येईल. लिहिणारा कोण हे गावाला कळेल, त्याला इलाज नाही. चालू महिन्याच्या आत कळवा.

शाळेला सुट्टी. दुपारीच लिहायला बसलो. शेंदूर मी स्वतः मार्गशीर्ष व. द्वितीयेस लावला. हे एक वाक्य लिहायला चार कागद फाडले. पाचव्यावर नीट उतरलं. माझं अक्षर खरंच बरं आहे.

सही राहिलीय. गाव दगड मारील, मारू दे. नोकरी जाईल, बघू. पण उद्या त्या पोराला साधा ताप आला तर ही कुणाकडं बघेल? हुकूम निघाला की तिच्या डोळ्यांदेखत खरवडतील. सही न करावी तर तो बिचारा, ज्याचं नाव तिसऱ्या ओळीत आहे, तो आणखी किती शतकं शेंदरात कोंडून राहणार, आणि कोंडणारा मी.

आतून सौ.नं विचारलं, कुणाचं पत्र. शाळेचं आहे म्हणालो. बाळाला घेऊन बाहेर आली. म्हणाली, मग सावकाश लिहा, याला धरा जरा, मी दिवा लावून येते म्हसोबाला.

कागदावर दौत ठेवली आणि धरलं.