एक थेंब, दिवसातून चार वेळा

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे पत्रापुरतं. आत्ताच डोळ्यांत औषध घातलंय आणि ते घातल्यावर थोडा वेळ मान वर ठेवायची असते, त्यामुळे ही पहिली ओळ छताकडे बघत लिहिली आहे. तिरकी गेली असेल तर समजून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? जिन्याच्या सातव्या पायरीवर बसून दम खायचा तुझा कार्यक्रम अजून चालू आहे, की आता थेट वर जातेस? भावोजींची तब्येत ठीक असणारच. आजारसुद्धा त्यांच्याकडे वेळ ठरवून येतात. आमच्याकडे सगळं क्षेम आहे. हिची कंबर बरी आहे, लेकीला नोकरीत कायम केलं, आणि मी मजेत आहे.

तू मागच्या तिन्ही पत्रांत माझ्या डोळ्यांबद्दल विचारलंस आणि मी तिन्ही वेळा ‘ठीक आहे’ एवढ्यावर उरकलं, म्हणून तू रागावली आहेस. तेव्हा आज रविवारचा निवांत वेळ काढून सगळं सविस्तर लिहायला बसलोय. तुला माहीतच आहे, छापखान्यात प्रुफं तपासता तपासता मला बावीस वर्षं झाली. त्यातली शेवटची दोन वर्षं मी लाल डोळ्यांनी काढली. सकाळी उठलो की पापण्यांच्या आत कुणीतरी वाळू टाकून गेल्यासारखं वाटायचं, दुपारी जळजळ, आणि संध्याकाळी घळाघळा पाणी. या अवताराने मी चार लोकांत वावरत होतो. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हवालदार मला जिन्यात गाठून दारू सोडण्याचे फायदे समजावून सांगायचे. (मी एकदा म्हटलं, अहो मी घेतच नाही. तर म्हणाले, पहिली पायरी म्हणजे कबूल करणं.) शेजारच्या काकूंची समजूत निराळीच. त्यांना वाटायचं ही मला छळते. त्या माझ्याकडे बघून नुसता उसासा टाकायच्या आणि हिच्याशी बोलायच्या बंद झाल्या. एकदा तर मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून हळू आवाजात विचारलं, घरी कोण गेलं? मी नाही म्हणेपर्यंत त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा देऊनही टाकली होती. मी ती घेतली. एवढ्या आपुलकीने दिलेली वस्तू परत करणं बरं दिसत नाही.

उपाय केले नाहीत असं नाही. तू कळवलेल्या काकडीच्या चकत्या मी आठवडाभर इमानेइतबारे ठेवल्या. थंड वाटायचं हे खरं, पण चकती डोळ्यावर असेतोवरच, आणि चकत्या ठेवून काही मला प्रुफं वाचता येत नाहीत. मग कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून मी माझ्या अकलेने एक बाटली आणली. तिच्यावर ‘लाली घालवते’ असं लिहिलं होतं आणि छापलेल्यावर माझा विश्वास चटकन बसतो. पहिल्या दिवशी चमत्कारच झाला. दहा मिनिटांत डोळे पांढरेशुभ्र. ही म्हणाली, लग्नात होते तसे दिसताय. मी आरशासमोरून हलेना. पण तीन तासांनी लाली परत आली. मी पुन्हा थेंब घातले, पुन्हा पांढरे, पुन्हा लाल, आणि दर खेपेला आधीपेक्षा लाल. पंधरा दिवसांत मी दिवसाला आठ वेळा घालू लागलो आणि डोळे असे झाले की हवालदारांनी मला कुठल्याशा केंद्राचा पत्ता लिहून दिला.

शेवटी ही मला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरबाई वयाने आपल्या लेकीएवढ्या, पण नजर हेडमास्तरांची. त्यांनी माझ्या खालच्या पापणीत कागदाची एक बारीक पट्टी अडकवली आणि पाच मिनिटं बसवून ठेवलं. (सवयीप्रमाणे मी पट्टीवर काय छापलंय ते वाचायचा प्रयत्न केला. नुसते आकडे होते.) पट्टी जवळजवळ कोरडीच निघाली. बाई म्हणाल्या, तुमचे डोळे कोरडे पडलेत. मी म्हटलं, अहो, संध्याकाळी धार लागते. त्या म्हणाल्या, कोरडे पडतात म्हणूनच लागते, पण ते पाणी नुसतंच वाहून जातं, डोळ्यावर टिकत नाही. माझी लाली घालवणारी बाटली त्यांनी दोन बोटांत धरून कचऱ्याच्या टोपलीत टाकली. त्या बाटलीनेच लाली वाढवली होती म्हणे. आणि नवीन थेंब लिहून दिले, नुसते ओलावा देणारे. एक थेंब, दिवसातून चार वेळा. रात्री गरम पाण्यात पिळलेला रुमाल मिटल्या डोळ्यांवर. बाटली उघडल्यावर महिन्याभराने टाकून द्यायची, तिचं टोक डोळ्याला लावायचं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पापण्या मिटायच्या. बाईंनी मला एक उतारा वाचायला देऊन घड्याळ लावलं होतं. माणूस एरवी मिनिटाला पंधरा वेळा पापण्या मिटतो. मी तीनदा मिटल्या. बाई म्हणाल्या, तुम्ही वाचता का पहारा करता?

थेंब घालणं ही विद्या आहे, ताई. पहिल्या दिवशी मी सहा थेंब घातले. एक कपाळावर पडला, एक कानात गेला, दोन मिशीत आणि एक हिच्या चहात. सहाव्याचा शोध लागला नाही. बाटली जवळ आली की माझा डोळा आपोआप गच्च मिटायचा. (एरवी वाचताना मिटायला सांगितलं तर मिटत नाही!) अखेर हिने सूत्रं हातात घेतली. माझं डोकं खुर्चीच्या पाठीवर टेकवलं, खालची पापणी बोटाने ओढून छोटीशी खोबण केली आणि म्हणाली, वर पंख्याची पाती मोजा. मी तीन म्हणेपर्यंत थेंब आत. तेव्हापासून रोज चार वेळा असंच चालतं. दुपारी ती छापखान्यात येऊ शकत नाही, पण मी तिथेही पंखा बघत स्वतःच घालतो. महिनाभरात जळजळ गेली, मग वाळू गेली, आणि एका सकाळी उठलो तर डोळ्यांत काहीच नव्हतं. काही नसणं इतकं सुखाचं असतं हे मला माहीत नव्हतं. मी तसाच पलंगावर बसून खिडकीबाहेर बघत राहिलो. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीची शिवणसुद्धा दिसत होती. मला फार बरं वाटलं. शेजारच्या काकूही परवा हिच्याशी बोलल्या. मी सुधारलो असं त्यांना वाटतंय.

आता थोडी गडबड झाली तेही सांगतो. पापण्या मिटायचं माझ्या लक्षात राहीना. प्रूफ समोर आलं की मला जगाचं भान नसतं. म्हणून मी एक युक्ती काढली. प्रूफ हातात घेतल्याबरोबर समासात मधूनमधून ‘डोळे मिटा’ असं लिहून ठेवायचं, म्हणजे वाचत तिथवर पोचलं की आठवण होते. त्यावेळी टेबलावर होती एका ड्रायव्हिंग स्कूलची पुस्तिका. अठ्ठेचाळीस पानं, सहाशे प्रती. त्यातल्या चौक आणि वळणांच्या प्रकरणात मी नऊ ठिकाणी ‘डोळे मिटा’ लिहिलं. इथपर्यंत ठीक होतं. पण बावीस वर्षांचा हात, ताई! समासात काही लिहिलं की तो ओळीत ‘हे इथे आत घ्या’ अशी खूण केल्याशिवाय राहत नाही. नऊच्या नऊ ठिकाणी मी खूण करून ठेवली. आमचा कंपोझिटर (हल्ली तो संगणकावर जुळवतो, पण नाव तेच राहिलंय) पूर्वी डोकं चालवायचा. ते डोकं मीच त्याला ओरडून ओरडून बंद करायला लावलंय. मी लिहीन ते टाकायचं, विचारायचं नाही, अशी माझी सक्त ताकीद. त्याने टाकलं.

तू म्हणशील, दुसरं प्रूफ कुणी वाचलं? मीच वाचलं. अगदी मन लावून वाचलं. वाचता वाचता ‘डोळे मिटा’ आलं की मी मिटत होतो आणि उघडून पुढे जात होतो. उलट आज आपल्याला किती छान आठवण राहते आहे, असं वाटून मी जरा खूशच होतो.

पुस्तिका छापून, पिना मारून, गठ्ठे बांधून तयार झाल्या. दोन दिवसांनी ड्रायव्हिंग स्कूलवाले माल न्यायला आले आणि काउंटरवर उभ्या उभ्या त्यांनी एक प्रत मधेच उघडून मोठ्याने वाचली. चौकात शिरण्यापूर्वी वेग कमी करा. उजवीकडे पाहा. डावीकडे पाहा. पुन्हा उजवीकडे पाहा. डोळे मिटा. वाहन पुढे घ्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. तेच होतं. पान उलटलं, तर घाटातल्या वळणावरही मी त्यांना डोळे मिटायला लावलं होतं.

आमचे मालक ओरडत नाहीत. ते पेनाला टोपण लावतात. त्यांनी टोपण लावलं आणि मला सांगितलं की सहाशेच्या सहाशे प्रती दुरुस्त होऊन समोर आल्या तर विषय संपला. पण यातली एक जरी बाहेर गेल्याचं कळलं तर ड्रायव्हिंग स्कूलवाले काम काढून नेतील आणि मी प्रुफांच्या खुर्चीवरून उठून बाइंडिंग खात्यात खळ लावायला बसेन. बावीस वर्षांची खुर्ची आहे, ताई. तिच्या डाव्या हाताला माझ्या कोपराचा खड्डा पडलाय. मी हादरलो. मग पांढऱ्या कागदाच्या बारीक पट्ट्या कापल्या आणि मी, कंपोझिटर, ही आणि रजा काढून आलेली लेक, असे चौघे तीन दिवस त्या नऊ ओळींवर चिकटवत बसलो. वाईट गेले नाहीत ते दिवस. हिने डबे आणले होते, कंपोझिटरने बावीस वर्षांत पहिल्यांदा मला दोन विनोद सांगितले, आणि दर चार तासांनी सगळे हात थांबवून माझ्या डोळ्यांत थेंब घातला जात होता. शेवटी मोजल्या तर प्रती भरल्या पाचशे नव्व्याण्णव. पुन्हा मोजल्या. यंत्राखाली, कपाटामागे, रद्दीत सगळीकडे शोधलं. शोधण्यात मी सर्वांत पुढे होतो. मालकांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. एवढं सोडलं तर माझं उत्तम चाललंय, आणि डोळे तर इतके स्वच्छ आहेत की ही म्हणते, आता तुमच्या डोळ्यांत बघून खोटं ओळखता येतं.

तुझ्या गुडघ्यांना जप. माझी मुळीच काळजी करू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. : ती सहाशेवी प्रत तुमच्याकडे आहे. आमच्याकडे पहिली बांधलेली प्रत प्रूफ वाचणाऱ्याला द्यायची पद्धत आहे. भावोजींनी निवृत्त झाल्यावर गाडी घेतल्याचं तू कळवलंच होतंस, म्हणून मी ती प्रत ‘सप्रेम भेट’ लिहून त्याच दिवशी पोस्टाने त्यांना पाठवली. गडबड उघडकीला आल्यावर फोन करणार होतो, पण तुमच्याकडे फोन भावोजीच उचलतात, आणि त्यांना ही चूक आपल्या मेहुण्याची आहे हे कळलेलं मला सोसणार नाही. चारदा फोन केला आणि चारही वेळा त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवला. तेव्हा हे पत्र मिळताक्षणी, जिन्यात न बसता, त्यांच्या टेबलावरून पुस्तिका उचल आणि रजिस्टर पोस्टाने मला पाठव. चौदा ते बावीस पानं त्यांना काही झालं तरी वाचू देऊ नकोस. तुला ठाऊक आहे, ते छापलेल्या शब्दाबाहेर जात नाहीत. औषधाच्या बाटलीवर ‘चांगली हलवा’ असं असलं तर दम लागेपर्यंत हलवतात.

ता. क. २ : वरचा मजकूर पत्राच्या सुरुवातीला यायला हवा होता हे मला मान्य आहे. पण थोरल्या बहिणीला लिहायचं म्हणजे आधी गुडघे विचारावे लागतात.

ता. क. ३ : पाकीट चिकटवणार इतक्यात लेक कालचं टपाल घेऊन आली. त्यात भावोजींचं कार्ड आहे. लिहितात की पुस्तिका अतिशय उपयुक्त असून ते तिच्याबरहुकूम गाडी शिकत आहेत. तीन धडे झाले. पहिले शिकवणारे दुसऱ्या धड्याच्या मध्येच चौकात उतरून पायी निघून गेले आणि दुसऱ्यांनी तिसऱ्या धड्यानंतर हा व्यवसाय सोडला. गाडीचे दोन्ही दिवे बदलले, स्वतः भावोजी खुशाल आहेत. त्यांची तक्रार एकच आहे. डोळे नेमके किती सेकंद मिटायचे हे पुस्तिकेत कुठेच दिलेलं नाही. पुढच्या आवृत्तीत ते घालावं अशी सूचना त्यांनी, पान क्रमांकांसह, परभारे आमच्या मालकांना पत्राने कळवली आहे. तेव्हा आता पुस्तिका पाठवायची घाई करू नकोस. बाइंडिंग खात्यात वाचायला काहीच नसतं. डॉक्टरबाईंना विचारलं तर त्या म्हणतील, डोळ्यांना चांगलंच आहे.