आजाराच्या रकान्यातलं 'नाही'

प्रिय दादा,

नानाभाऊ सकाळी माझ्या आरोग्य विम्याचा फॉर्म ठेवून गेलेत, संध्याकाळी न्यायला येतील. त्यात तोच प्रश्न आहे: मानसिक आजारासाठी कधी उपचार घेतलेत का? पेन हातात घेतलं आणि तुझा इतका राग आला, की फॉर्म बाजूला सारून आधी तुलाच लिहायला बसले.

आठवतंय ना, सुरतेत पर्वत पाटियाच्या आपल्या खोलीत असाच फॉर्म मी तुझ्यासाठी भरत होते? आई-बाबांच्या मागे आपण दोघंच. तू साडी मार्केटमधून जेवायला आला होतास. मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी तुला झोप लागत होती, कामावर जात होतास. मी त्या प्रश्नापाशी अडखळले, तर रकान्यावर बोट ठेवून नानाभाऊ म्हणाले, "आठे समदा 'नही'च लिखतस."

इथल्या आपल्या खानदेशी लोकांत ते विमाही उतरवतात आणि सोयरिकीही जुळवतात. एकाच पिशवीत पॉलिसीचे फॉर्म आणि मुलामुलींचे बायोडेटा. माझाही त्यात होता. तू पिशवीकडे बघितलंस आणि म्हणालास, "लिखी टाक, नही. पहिले तुनं लगीन व्हई जाऊ दे."

मी लिहिलं. तू सही केलीस आणि ताटावर बसलास.

कुणी सांगितलं होतं तुला? ज्यांना माझ्या भावाच्या गोळ्या चालत नव्हत्या, त्यांच्या घरी मला कशाला धाडत होतास? अडलं असतं लग्न, तर अडू द्यायचं होतंस.

चार वर्षांनी तुझा आजार पुन्हा उलटला. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस ॲडमिट करा. मनाच्या आजारालाही विमा द्यावा लागतो, तसा कायदाच आहे, हे मला त्यांच्याकडून कळलं. धावत कागद दिले. कंपनीचं उत्तर आलं: आजार जुना, लपवलेला, म्हणून नामंजूर. सोबत माझ्या अक्षरातल्या त्या 'नाही'ची झेरॉक्स. खरं लिहिलं असतं, तर जुन्या आजारासाठी थांबायची मुदत एव्हाना संपली असती. हे आधी कुणी का सांगितलं नाही? आणि मी तरी का विचारलं नाही?

खासगीचा खर्च झेपणारा नव्हता, सरकारी सिव्हिलला चल म्हणून तुझ्या पाया पडले. तू म्हणालास, "तठे आपला समदा लोके येतस. मी बरा शे." बरा होतास? महिन्याभरात गेलास. तुझ्या मयताला तेच सगळे लोक आले होते, दादा. नानाभाऊ सगळ्यांच्या पुढे.

तेव्हापासून मीही त्याच डॉक्टरांकडे जाते. छातीत धडधडायचं, भाकरी थापता थापता रडू फुटायचं. आता बरं आहे. गोळ्या लपवत नाही, फ्रिजवर ठेवते.

आज सासूबाई म्हणाल्या, "त्या रकान्यात काही लिहू नकोस. आपल्या पूजाचा बायोडेटा नानाभाऊंकडेच आहे." पूजा माझी नणंद. तिथंच भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वहिनी, तुम्ही लिहा."

तुझ्यावरचा निम्मा राग खरं तर माझ्यावरचाच आहे, कबूल. उरलेला मात्र तुझाच, आणि तो मी सोडणार नाही.

आत्ता फॉर्म पुन्हा पुढे ओढून मी 'हो' लिहिलंय. खाली आजाराचं नाव, गोळ्यांची नावं. नानाभाऊंनी नाक मुरडलं तर दुसऱ्याकडून फॉर्म आणेन, पण खोडणार नाही. आणि एक अजून. तू हार्टनं गेलास, असंच मी आजवर सगळ्यांना सांगत आले. आज चहाचा कप हातात देताना नानाभाऊंना सांगणार आहे, माझा भाऊ हार्टनं नाही, त्याच आजारानं गेला.

तुझी,
सुनी