दोन ठिकाणी उतरवायचं सामान

प्रिय ताई,

हे पत्र ज्याने तुझ्या हातात दिलं त्याला आधी पाणी दे. सावलीत बसव. आणि शेवटपर्यंत वाचून होईतो कुणाला फोन करू नकोस, दाजींनाही हाक मारू नकोस. माझं अक्षर तुला माहीतच आहे, मुंग्या चालल्यासारखं. त्यात ठमी मांडीवर आहे आणि पेन ओढतेय. तरी नेटाने वाच. मी सातवीत शाळा सोडली तेव्हा तूच म्हणाली होतीस, पत्र लिहिता येतं ना, मग आयुष्यभर पुरेल. बघ, आज पुरवून वापरतेय.

घरातलं सामान बांधून झालंय. सगळीकडे खोकी आहेत. ठमी त्यांच्यामधून रांगत जाते आणि मला सापडत नाही, मग माझा जीव वरखाली होतो. भिंतींवर खिळे तेवढे उरलेत. ह्यांना तिकडच्या शहरात, गोदामात नोकरी लागून सात आठवडे झाले आणि तेव्हापासून इकडचं सगळं मी एकटीने केलंय. सामान नेणाऱ्या चार जणांकडून भाव काढले. एकाने फोनवर एक सांगितलं आणि कपाट बघितल्यावर दुप्पट केलं. दुसरा म्हणाला, अख्खा ट्रक घ्या. मी म्हटलं, दादा, आमचं सामान तुमच्या अख्ख्या ट्रकात ओरडलं तर आवाज घुमेल. शेवटी अर्धा ट्रक ठरवला, उरलेल्या अर्ध्यात दुसऱ्याचं सामान. खोकी किराणावाल्याकडून फुकट आणली. कपबशा ठमीच्या जुन्या झबल्यांत गुंडाळल्या. जुना पंखा, लोखंडी टेबल आणि बादल्या विकल्या. हे रोज फोन करतात, पण तीनच मिनिटं. जेवलीस का, ठमी जेवली का, भाव किती आला. तिसरं मिनिट भावातच जातं.

तुला वाटेल, झाली हिची सुरुवात. मी संशयी आहे, मान्य. ठमी झाल्यापासून मी गॅस तीन वेळा बघते, दाराची कडी दोनदा, दूध प्रत्येक वेळी हुंगून. हे म्हणतात, तुझ्या डोक्यात संशयाची गिरणी आहे, टाकू ते दळतेस. असेल. पण ताई, गिरणीत कुणीतरी दाणे टाकल्याशिवाय पीठ पडत नाही.

पहिला दाणा पत्त्याचा. मी विचारलं, तिकडचा पत्ता द्या, सामानवाल्याला लागेल. म्हणाले, कंपनीच्या जवळच आहे, त्यांना मी सांगतो, तू त्यात पडू नकोस. दुसऱ्या वेळी विचारलं तर आवाज येत नाही म्हणाले. तिसऱ्या वेळी चिडले. आठ वर्षांचं लग्न आहे आमचं, हे सहसा चिडत नाहीत. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूसच चिडतो.

दुसरा दाणा मला कॅलेंडरच्या पानामागे सापडला. भिंत रिकामी करताना कॅलेंडर काढलं तर मागच्या कोऱ्या बाजूला ह्यांनी जायच्या आधी तिकडचा महिन्याचा खर्च मांडला होता. खोली. लाइट. बसचा पास. मेस. मोबाइल. आणि शेवटी, घरी पाठवायचे, त्याच्यापुढे आकडा. मी तो कागद घेऊन ओट्याला टेकले आणि पुन्हा वाचला. त्यात दूध नव्हतं. ठमी दीड वर्षाची आहे, तिला दिवसाला पाऊण लिटर लागतं, आमच्या घरात भाड्याच्या खालोखाल दुधाचा खर्च. बाप माणूस खर्च मांडतो आणि दूध विसरतो? एकवेळ विसरला म्हणू. पण मेस कशाला लागते, मी चूल पेटवायला जाणार नव्हते का? आणि घरी पाठवायचे म्हणजे कुठल्या घरी? सासूबाई सासरे दोघंही गेलेले. ह्यांना भाऊ नाही, बहीण नाही. जगात ह्यांचं घर म्हणजे मी जिथे आहे ते.

खाली इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या मावशीला मी एवढंच विचारलं की माणूस दुसरीकडे पैसे का पाठवेल. तिने इस्त्री आपटली. म्हणाली, पोरी, नवरा आणि कुकर सारखेच, शिट्ट्या बंद झाल्या की समजायचं आत काहीतरी करपतंय. दुसरं घर केलं असेल. मी तिला म्हटलं, काहीतरीच काय, आमचे हे नाकासमोर चालणारे. ती म्हणाली, नाकासमोरच घर केलं असेल मग. मी हसले. वर आले आणि बाथरूमचा नळ सोडून रडले, म्हणजे ठमीला ऐकू जायला नको.

तुला हे सगळं तेव्हाच सांगायला हवं होतं. मी फोन केलाही. पण तुझ्याशी बोलायला लागले की तू दुसरंच काढायचीस. ठमीची खाट किती लांब आहे गं, वितीने मोजून सांग. ठमीचे डोस सगळे झाले का, कार्डाचा फोटो पाठव. आमच्या गल्लीत नवीन बालवाडी निघालीय, बाई फार मायाळू आहे. मागची खोली रिकामी केली, तुझ्या दाजींनी खिडकीला जाळी बसवली. मला किती बरं वाटायचं ताई. मी म्हणायचे, बघा, चार दिवस राहायला जाणार तर ताईने केवढी तयारी केलीय. कारण ह्यांनी तसंच ठरवून दिलं होतं ना, की सामान ट्रकने जाईल, मी आणि ठमीने गाडीने निघायचं, वाटेत तुझ्याकडे उतरायचं, चार दिवस राहायचं, तोवर हे तिकडचं घर लावतील आणि आम्हाला न्यायला येतील. धुळीत पोर आजारी पडेल म्हणाले. मलाही पटलं.

चार दिवस. तुला तो शब्द ऐकून काही होत नाही का गं? बाबाही चार दिवसांसाठीच गेले होते. दुसऱ्या शहरात काम बघतो, जागा बघतो, मग तुम्हाला नेतो. मी पाच वर्षांची, तू अकराची. आई दर आठवड्याला त्यांचा टॉवेल धुवायची आणि दोरीवर घालायची. कुणी तो वापरत नव्हतं, मळायचा कशाने? तरी धुवायची. शेवटी तो विरून त्याचं पोतेरं झालं, तेव्हा तिने वाट बघणं सोडलं. आपण दोघींनी त्याच पोतेऱ्याने फरशी पुसलीय. म्हणून मला चार दिवसांची भीती वाटते. मला गरिबीची नाही वाटत, भांडणाची नाही वाटत. मला आणि ठमीला कुठेतरी ठेवून जातील आणि मी टॉवेल धुवत बसेन, ह्याची वाटते.

परवा सामानवाल्यांचा माणूस आला, यादी करणारा. टक्कल पडलेला, गळ्यात शिंप्यासारखी टेप. त्याने प्रत्येक वस्तूला नंबर दिला आणि चिठ्ठ्या चिकटवायला लागला. कपाटाला पांढरी. फ्रिजला पांढरी. टीव्ही, मोठी गादी, ह्यांचे व्यायामाचे लोखंडी गोळे, सगळ्यांना पांढरी. मग खाटेला पिवळी. माझ्या शिलाई मशीनला पिवळी. माझ्या पेटीला, ठमीच्या सायकलला, पाळण्याच्या दोरीला पिवळी. मी म्हटलं, दादा, रंग संपले का? तो म्हणाला, नाही वहिनी, दोन ठिकाणी उतरवायचंय ना, पांढरं एका ठिकाणी, पिवळं वाटेत. साहेबांनी फोनवर एकेक वस्तू सांगितलीय, जादा थांब्याचे पैसेही भरलेत. मनात कधीची पाल चुकचुकत होती, ती आता अंगावरच पडली. पण मी चेहरा हलू दिला नाही. म्हटलं, हो हो, बोलले होते मला, विसरलेच मी. पत्ते बरोबर लिहिलेत का बघू तरी.

त्याने कागद दिला. मी तो ओट्यावर ठेवून वाचला. मला वाटलं होतं कुणातरी बाईचं नाव असेल. पांढऱ्याचा पत्ता वाचायला वेळ लागला, तिकडच्या शहराचा, तिसरा मजला, खोली नंबर नऊ, एका माणसाची. मग पिवळ्याचा. ताई, तो पत्ता मी न अडखळता वाचला. सगळ्या जगात तेवढी एकच ओळ मी झोपेतही घडाघडा वाचेन. कारण अक्षरं शिकवताना तू मला आधी तीच शिकवली होतीस. म्हणाली होतीस, हरवलीस तर हे दाखव, कुणीही आणून सोडेल. आपल्या घराचा पत्ता. आईच्या घराचा, आता तुझ्या आणि दाजींच्या. मी ज्या बाईला इतके दिवस मनातल्या मनात शिव्या देत होते, जिच्या घरी पैसे जाणार होते, ती दुसरी बाई मीच निघाले.

चार दिवसांसाठी कुणी शिलाई मशीन उतरवत नाही. आणि तू खाटेची लांबी मोजून घेतलीस. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मी कुणाला काय म्हणू? कदाचित ह्यांनी तुला सांगितलं असेल की तिचं डोकं ठिकाणावर नाही, सारख्या कड्या तपासते, थोडे दिवस सांभाळा. कदाचित तुला वाटलं असेल, पोरगी डोळ्यांसमोर राहील. कदाचित तुलाही चार दिवसच सांगितले असतील आणि खाटेचं नुसतं हौसेने विचारलं असशील. मी तिन्ही दळून बघितलंय. रात्र झाली तरी पीठ एकसारखं पडत नाही.

मग मी यादीवाल्याला म्हटलं, दादा, घोळ झालाय, तुम्ही उलटं लिहिलंय. पांढरं वाटेत उतरवायचं आणि पिवळं शेवटपर्यंत न्यायचं. तो म्हणाला, साहेबांना विचारू का? मी म्हटलं, विचारा की, पण मग सहीही त्यांचीच घ्या, ते सात आठवडे इकडे फिरकलेले नाहीत. त्याने टकलावरून हात फिरवला. मग म्हणाला, ज्याची सही त्याचं सामान, वहिनी, करा सही. मी केली. पूर्ण नाव लिहिलं. मला वाटलं होतं ओळखेल आणि ह्यांना फोन करेल. अजून तरी केलेला दिसत नाही, कारण शेवटच्या फोनवरही हे भावाचंच बोलले.

तर ताई, हे पत्र मी पोस्टात टाकलं नाही आणि फोनवरही बोलले नाही, कारण तुला आधी कळलं असतं तर ह्यांनाही कळलं असतं की नसतं, हे मला माहीत नाही. असं तुझ्याबद्दल लिहावं लागतंय. म्हणून ट्रकच्या ड्रायव्हरदादांकडे दिलंय. ते तुझ्या दारात उभे आहेत. फ्रिज, कपाट, टीव्ही, गादी आणि लोखंडी गोळे मागच्या खोलीत ठेवून घे, मोजून घे, सही दे. फ्रिज उभाच ठेव आणि चार तास चालू करू नकोस. त्या सामानाला म्हणावं, चार दिवसांनी तुला न्यायला येतील. माझं तिकीट ह्यांनी तुझ्या गावापर्यंतच काढलं होतं. पुढचं मी शिवणाच्या पैशातून काढलंय. एकटीने एवढा प्रवास कधी केला नाही, पण उद्या दुपारी तिसऱ्या मजल्यावर ठमीची खाट चढेल तेव्हा तिच्यामागे आम्ही असू. मग ह्यांनी तोंडावर सांगावं काय ते. आमची गाडी आज संध्याकाळी पाच चाळीसला तुझ्या स्टेशनात येते आणि चार मिनिटं थांबते. मी उतरणार नाही. मागून तिसरा डबा, फलाटाकडची खिडकी. तुला ह्यातलं काही माहीत नसेल तर ये. ठमीसाठी दूध घेऊन ये, बाटली धुऊन ठेवलीय. माहीत असेल तर येऊ नकोस, मी समजून घेईन. दोन्ही वेळी ठमीला खिडकीत उभी धरेन.

तुझीच, पाच चाळीसपर्यंत तरी नक्की,
धाकटी