जुन्या कार्डावर पडलेली सावली

चि. उचापतीस (हे नाव तुला तुझ्या आईने ठेवलं, माझ्यावर रागावू नकोस),

मावशीचे पोटभर आशीर्वाद. तू वेळेवर जेवतोस ना? माझे गुडघे बरे आहेत, म्हणजे डावा बरा आहे. पत्र हाताने लिहितेय, कारण त्या संगणकासमोर बसून काही लिहायचा सध्या धीर होत नाही. का, ते सांगते. शेवटपर्यंत वाच, मध्येच हसून सोडून देऊ नकोस.

तुझे बाबा गेल्यावर तुझी आई बोलेनाशी झाली आणि तू आम्हा दोघींना संगणकावर तो तळ्याकाठच्या बागेचा खेळ लावून दिलास, ते तुझं आयुष्यातलं एकमेव शहाणपणाचं काम. ती तिच्या घरी, मी माझ्या घरी, आणि संध्याकाळी दोघी त्या बागेत. कानाला फोन लावून ती मला वाफे कसे आखायचे यावरून सुनवायची, आणि मी मनात म्हणायचे, सुनव बाई, बोलतेयस तरी! (खरी झाडं दोघींच्याही हातून कधी जगली नाहीत.) तर त्या खेळवाल्यांनी खेळ नवा केला. उघडायला गेले तर पाटी आली, की तुमचं ग्राफिक्स कार्ड जुनं आहे, नवं मानक, म्हणजे चित्रं रेखाटायचे नवे नियम, त्याला पेलणार नाही. तुझ्या आईचा संगणक नवाकोरा. माझा म्हणजे तू वापरून टाकलेला. ती एवढंच म्हणाली, "तू नसशील तर मीही नाही." आणि फोनवर पुन्हा पहिल्यासारखी गप्प.

म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याला आमच्या गल्लीत बघतो-करतो म्हणतात, कारण कुठल्याही प्रश्नावर त्याचं तेच उत्तर. त्याने डबा उघडला, फुंकर मारली, मी शिंकले. मग म्हणाला, नवा ड्रायव्हर घातला तर जुनं कार्ड नव्या मानकाला हो म्हणतं, पण सगळं करून दाखवत नाही. (ड्रायव्हर म्हणजे कार्डाला हुकूम समजावून सांगणारा प्रोग्रॅम, मी आधी याच्यासाठी चहा ठेवायचा का विचारलं होतं.) ज्या कामांची सोय चिपमध्येच नाही, ती बाहेरून घालता येत नाहीत. आरशातलं प्रतिबिंब, पाण्यावरची चमक, खऱ्यासारख्या सावल्या, हे सगळं कार्ड सरळ गाळणार. मी म्हटलं, गाळू दे. मला ताई दिसल्याशी कारण.

खेळ सुरू झाला आणि मी जरा मागेच सरकले. बाग होती, पण झाडांना पानं नव्हती. तळं म्हणजे जमिनीवर अंथरलेली काळी ताडपत्री. तुझी आई फाटकापाशी उभी होती, टोपी घालून, आणि टोपीखाली तोंड नव्हतं. (आवाज मात्र फोनवर नेहमीचा खणखणीत, "अगं, पाणी कोण घालणार?") कुठेच सावली नाही. झाडांना नाही, तिला नाही, मला नाही. फक्त तिच्या शेजारी जमिनीवर एक लांब सावली पडली होती, आणि ती ज्याची असायला हवी तो माणूस तिथे नव्हता.

मी विचारलं, "ताई, तुझ्याजवळ कोण उभं आहे?"

"कोण असणार? मी एकटीच आहे."

ती वाफ्याकडे निघाली. सावली तिच्यामागून दोन पावलं अंतर ठेवून निघाली. तुला ठाऊकच आहे, मी जन्मभर दवाखान्यात एक्स-रे काढले. माणसं मी तोंडावरून विसरते, सांगाड्यावरून नाही. या सावलीचा उजवा खांदा खाली झुकलेला होता. तुझे बाबा शिडीवरून पडले तेव्हा त्यांच्या खांद्याचा फोटो मीच काढला होता. हाड वाकडं जुळलं ते जुळलंच. आणि त्यांनी तर संगणकाला कधी बोटही लावलं नव्हतं. त्या खेळात त्यांचं काही शिल्लक असायचं कारणच नाही.

डोकं दुखतंय सांगून ताईचा फोन ठेवला. बघतो-करतोला पुन्हा बोलावलं. तो म्हणाला, कार्डाच्या मेमरीत कचरा राहिलाय. त्याने कार्ड काढलं, पुसलं, परत बसवलं. खेळ लावला तर सावली बाकावर बसलेली. "असं होतं कधीकधी," असं म्हणत तो पडद्याजवळ वाकला, आणि सावलीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. (सावलीला डोळे नसतात, मान्य. पण पाहिलं.) बघतो-करतो उठला. त्यानंतर त्याने ना काही बघितलं, ना काही केलं. पेचकस माझ्या टेबलावर टाकून निघून गेला. आता मी दुकानावरून जाताना तो खाली वाकून काहीतरी शोधत असतो.

म्हणजे जुन्या कार्डावर नवा खेळ चालतो का, या तू फोनवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं, की जुनं कार्ड नवं मानक चालवतं, पण कशाला चालवलं असं होतं. तब्येतीला जप.

तुझी,
मावशी

ता. क. मुद्द्याचं राहिलं. मला एक नवं कार्ड पाठव. आणि यातलं अक्षरही तुझ्या आईला कळू देऊ नकोस, तिला सोसवणार नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात तुझी आईच दारात. माझा आवाज फोनवर वेगळा येतो म्हणून बघायला आलेली. संगणक चालूच होता. मी आडवी येईपर्यंत ती खुर्चीत बसलीसुद्धा. सावली फाटकाशी उभी होती. मला वाटलं, आता ही कोसळते. ती चष्मा पुसून नेहमीच्या त्रासिक आवाजात म्हणाली, "अहो, किती वेळ उभे राहणार? पाय दुखतील. बसा." आणि सावली बाकावर जाऊन बसली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

ता. क. तिसरा. नवं कार्ड पाठवू नकोस. उलट माझ्यासारखंच जुनं एखादं मिळालं तर तुझ्या आईसाठी बघ. तिच्या नव्या संगणकावर बाग फार सुंदर दिसते, पण रिकामी. आणि तूही एकदा येऊन जा बागेत. तुझ्या नव्या यंत्रावर तुला काही दिसणार नाही, पण तुझ्या बाबांना तू दिसशील. ते सारखे फाटकाकडे बघत असतात.