पार्वतामावशीच्या विहिरीची चौथी किल्ली

प्रिय पार्वतामावशी,

मी तुला पत्र लिहितोय म्हटल्यावर तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. "मले वाचता येते काय रे पोट्ट्या?" नाही येत, ठाऊक आहे मला. पण तुझ्या लेकीची, रेखाताईची, अकोल्याहून आलेली पत्रं तुला मीच वाचून दाखवायचो ना? मग हेही मीच वाचतोय, असं समज.

आजच का, ते सांगतो. आज संध्याकाळी सहाला आपल्या कॉलनीची मीटिंग आहे. विषय एकच: ओपन स्पेसमधली जुनी विहीर बुजवायची, वर फरशी घालायची आणि बसायला शेड टाकायची. तीन पानी ठराव टाइप होऊन माझ्या दुकानातल्या टेबलावर आलाय. खाली अध्यक्षाची सही लागते. आणि अध्यक्ष कोण, सांग बरं? मी! ज्याला तू "पहिले शेंबूड पूस, मंग बोल" म्हणायचीस, तोच.

तुला जाऊन दोन वर्षं होत आली. आपल्या दोघांत बोलायचं काही राहिलेलं नाही, असंच मी धरून चाललो होतो. परवा रेखाताई येऊन गेली आणि कळलं, की राहिलंय.

आठवतं तुला, आम्ही परतवाड्याहून आलो तेव्हा इथे काय होतं? चुन्याच्या रेघा, सिमेंटचे बुटके दगड आणि नगराच्या नावाचा एक भला मोठा बोर्ड. ते नाव तुझ्या तोंडी कधी आलंच नाही. तुझ्यासाठी शेवटपर्यंत ते "माहं वावर". आमच्या पहिल्या लाइनीत तुझी वांगी होती, दुसरीत मेथी आणि अंबाडी. आणि जिथे आज वानखडे सरांचा दुमजली बंगला आहे, तिथे तुझा शेणखताचा उकिरडा! हे मी सरांना अजून सांगितलेलं नाही. राखून ठेवलंय.

पहिल्या पावसाळ्यात आमच्या अर्धवट स्वयंपाकघरात, ओट्याच्या जागी, अंबाडी उगवली. आईला वाटलं तू मागायला येशील. तू आलीस, बघितलंस आणि म्हणालीस, "बी माहं, पन खोली तुही. घाल भाकरीसंगं." त्या घरात शिजलेली पहिली भाजी ती.

जमीन गेली म्हणून तू झुरत असशील, असं साऱ्या कॉलनीला वाटायचं. आई एकदा तुझी समजूत काढायला लागली, तर तू काय म्हणालीस? "काहून वाईट वाटन वं? वीस वर्सं वाकू वाकू वांगे तोडले, कंबर गेली. आता तुमी वाकून फरशी पुसा, मी पायते!" आणि अकरा नंबरच्या प्लॉटवर दोन खोल्या बांधून तू खरंच बघत बसलीस.

बाबांचं तेवढं चुकलं. त्यांचं एकट्याचं कुठे, साऱ्या लाइनीचं चुकलं! सगळ्यांनी नकाशा पाहिला, दिशा पाहिल्या, दार पूर्वेला येतं का ते पाहिलं. माती कोणी पाहिली? तू सांगत होतीस, "बाबूजी, इथून जुना नाला जाये. काळी माती लय खोल हाय. मुरूम लागेपर्यंत खंदा." बाबा बाजार समितीत कारकून. रोज कागदावर विश्वास ठेवायची सवय. ते हसले.

मग तू मला हाताला धरून प्लॉटवर नेलंस. लोखंडी सब्बल जमिनीत मारलीस आणि म्हणालीस, "कान दे." भद्द. दहा पावलं पलीकडे पुन्हा मारलीस. ठण्ण. "भद्द वाजते तिथं वांगे लावाव. ठण्ण वाजते तिथं घर बांधाव. तुहा बाप उलटं करून रायला."

बाबांनी भद्दवर बांधलं. पुढे दर उन्हाळ्यात आमच्या फरशीला अशा भेगा पडायच्या, की माझ्या गोट्या त्यात जायच्या त्या परत यायच्या नाहीत. पावसाळ्यात माती फुगली की मागचं दार अडकायचं. सकाळी उठून बघावं तर लाइनीतले सगळे बाप्ये आपापल्या दाराला खांद्याने धक्के देताहेत! तू रस्त्यावरून जाताना काही बोलायची नाहीस. नुसती सब्बल खांद्यावर घेऊन जायचीस. त्यापेक्षा बोलली असतीस तर बरं होतं, असं बाबा म्हणायचे.

पण मावशी, माझं पोट त्या भद्द आणि ठण्णवर भरलं. बारावीत दोनदा नापास झालो आणि वलगाव रोडवर एका मिस्त्रीकडे मोटारीचं वाइंडिंग शिकायला लागलो. बाकीचे मोटार खोलून बघायचे, मी कान लावायचो. आज नांदगाव पेठेतल्या कारखान्यांतून फोन येतात. मी म्हणतो, मोटारीजवळ धरा फोन. दुकानात बसल्या बसल्या सांगतो, मागचं बेअरिंग गेलंय. लोक विचारतात, कुठे शिकलात? मी सांगतो, वांग्याच्या वावरात.

आणि विहीर! नळ यायला पंधरा-सोळा वर्षं लागली. तोवर सारी कॉलनी तुझ्या विहिरीवर. विहीर नकाशात ओपन स्पेसमध्ये गेली, म्हणजे कागदोपत्री ती तुझी राहिली नव्हती. पण कठड्यावर तू बसलेली असलीस की कागद काढायची कोणाची हिंमत होती? "ज्याच्या घरी लहान लेकरू, त्याचा नंबर पहिला." हा तुझा कायदा. एकदा नवीन आलेल्या एका बाईने रांगेतल्या दुसरीकडे बघून तुला हळूच विचारलं, "ते कोन लोक होत?" तू भर रांगेत मोठ्याने सांगितलंस, "तान लागलेले लोक हाय. तू कोन होय?" त्यानंतर तो प्रश्न त्या विहिरीवर कोणी विचारला नाही.

विहिरीची खोली कशी मोजायची तेही तूच शिकवलंस. खडा सोडायचा आणि आवाज येईपर्यंत श्वास धरायचा. वैशाखात श्वास लांबायचा, श्रावणात सोडेपर्यंत डुबुक!

आता जे लिहायला बसलोय ते लिहितो.

मी एकवीस वर्षांचा होतो. स्वतःचं दुकान नुकतंच टाकलेलं. कॉलनीने ठरवलं, विहिरीत मोटार टाकून वर टाकीत पाणी चढवायचं. काम मला मिळालं, माझं पहिलं मोठं काम! मी तुझी दोराची गडगडी काढली, विहिरीवर लोखंडी झाकण बसवलं, झाकणाला पितळी कुलूप लावलं. तीन किल्ल्या केल्या. एक अध्यक्षांना, एक सचिवांना, एक मला. नारळ फुटला, पेढे वाटले, तूही खाल्लास.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू नेहमीसारखी बादली घेऊन आलीस. झाकण पाहिलंस, कुलूप पाहिलंस. म्हणालीस, "चांगलं केलं बाप्पा. आता पोट्टे पडनार नाईत." आणि रिकामी बादली घेऊन परत गेलीस.

मी फुगलो होतो नुसता! मावशीने शाबासकी दिली म्हणून दिवसभर शीळ घालत होतो. फोनवरून बेअरिंग ओळखणारा मी, दोन हातांवरून रिकामी बादली वाजत गेली ती मला ऐकू आली नाही.

परवा रेखाताई अकरा नंबरची झाडलोट करायला आली होती. चहा पिता पिता सहज म्हणाली, "भाऊ, आई मरेपर्यंत तुह्यं कवतिक करे. कोनाची बी मोटार बिघडली तं म्हने, माहा पोट्टा नीट करन. फक्त एक डाव म्हनली, त्यानं तीन चाब्या केल्या, चवथी नाई केली."

मी म्हणालो, "मग मागायची होती ना मावशीने!"

"मीनंबी तेच म्हनलं. तं म्हने, माह्याच इहिरीची चाबी मी मागू?"



का गं नाही भांडलीस? साऱ्या कॉलनीशी भांडायचीस. मेथीच्या एका जुडीवरून बाबांशी आठ दिवस अबोला धरलास. आणि मला एक वाक्य बोलली नाहीस? माझं पहिलं मोठं काम नासू नये म्हणून? बोलायला हवं होतंस, मावशी. मी ऐकलं असतं. निदान तू मला शिवी तरी दिली असतीस.

पुढे नळ आले, ती मोटार काढली. झाकण राहिलं. त्याच्या फटीतून लोक निर्माल्य ढकलायला लागले. आता वास येतो, डास होतात, तक्रार खोटी नाही. शिवाय वानखडे सर म्हणतात, विहीर त्यांच्या नैर्ऋत्येला येते, म्हणून घरात बरकत नाही. समोरच्या लाइनीला तीच विहीर ईशान्येला येते, ते म्हणतात आमचं सगळं भलं तिच्यामुळेच झालं! एक विहीर बिचारी किती दिशांना पुरणार?

आज सकाळी मी विहिरीवर गेलो. माझी किल्ली गंजलेल्या कुलपात फिरेना. ग्राइंडर आणून कुलूप कापलं, झाकण सरकवलं आणि खडा सोडला. श्वास धरला. मावशी, डुबुक! वर कचरा आहे, पण खाली पाणी आहे. खोलही आहे.

तुझी गडगडी मी तेव्हा भंगारात दिली नव्हती. तिचा पितळी बुश चांगला होता, कधीतरी कामी येईल म्हणून दुकानात टाकून ठेवली होती. ग्रीस भरून ती बसवली, दोर ओवला. मीटिंग संध्याकाळी सहाला, गडगडी सकाळी आठला. ठराव मागून, चाक आधी. हे डोकं कोणाचं, तू ओळखशील.

गडगडी वाजली आणि एकेका घराचं दार उघडलं. तीन दिवस नळ आला नव्हता ना! पहिली बादली घेऊन कोण आलं असेल? वानखडे काकू!

"पानी हाय काय हो भाऊ?"

"झाडांपुरतं आहे, काकू. प्यायचं गाळ काढल्यावर बघू."

काकूंनी पदर खोचला आणि स्वतः दोर ओढला. वरून गॅलरीतून सर ओरडले, "अगं, काय करतेस? नैर्ऋत्येची आहे ती!"

काकूंनी मान वर न करता उत्तर दिलं, "असू द्या ना. तुमचा नळ तं बराबर दिशेले हाय. तीन दिवसांत काय आलं त्यातून?"

सर आत गेले. आजची मीटिंग, मावशी, मी जिंकलेली आहे. तरी खुर्च्या विहिरीभोवतीच मांडायला सांगितल्यात. आणि फारच अडलं, तर उकिरडा आहेच माझ्याकडे!

आता माझा शब्द ऐक. अक्षय्य तृतीयेच्या आत मी स्वतः उभा राहून गाळ काढून घेईन. कठडा कमरेच्या वर नेईन. पोरं पडू नयेत म्हणून जाळी राहील, तिची कडी मोठ्यांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर. पण कुलूप लागणार नाही. मी आहे तोवर नाही, आणि माझ्या मुलीलाही तसं सांगून ठेवलंय. त्या दिवशी पूर्वजांच्या घागरी भरतील, तेव्हा पहिली घागर या विहिरीतून, तुझ्या नावाची. रेखाताई अकोल्याहून येणार आहे ती मांडायला.

चौथी किल्ली मी करत नाही. तिची गरज राहिली नाही.

हो, एक सांगायचं राहिलं. हे पत्र मी त्या ठरावाच्याच कोऱ्या बाजूवर लिहिलंय. तीन पानं होती, पुरली. अध्यक्षाची सही हवी होती ना त्यांना? घे, या बाजूला करतो.

तुझा पोट्टा,
प्रमोद
प्लॉट नंबर सत्तावीस, तुझं वांग्याचं वावर