तुमच्या शेतातले चारशे बारा

ठाकुर्ली,
शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५

प्रिय वर्षू,

सप्रेम जय भीम. यावर तू नेहमी 'जय एकवीरा' म्हणायचीस, ते मी मनातल्या मनात ऐकून घेतलं आणि पुढे लिहायला घेतलं. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून पत्र. सरस्वतीकाकूंनी, तुझ्या आईनेच, ते तुला द्यायचं कबूल केलंय. "मावरा गुंडालाचा कागद नाय ह्यो, वाच, असा सांगीन तिला," म्हणाल्या. म्हणजे मासळीच्या पुडीत तरी जाणार नाही हे पत्र.

आमच्याकडे सगळे बरे आहेत. धम्मपालला मीटर रीडिंगचं काम लागलंय, त्यामुळे तो आता घरी कमी आणि उन्हात जास्त असतो. आईचा खोकला बराच कमी आहे. नौपाड्यातलं तुझं क्लिनिक कसं चाललंय? डॉक्टरीणबाई अजून पेशंटच्या आधी तुलाच ओरडतात का?

बस. आता मला राहवत नाही. वर्षू, चारशे बारा!

तुमच्या खाडीलगतच्या शेतातून आणि त्याच्या बांधावरून घेतलेल्या मातीत मला चारशे बारा जीव सापडले. तेवीस प्रकारचे! गांडुळं आणि मुंग्या यात धरल्याच नाहीत. हे सगळे तिळापेक्षा लहान. स्प्रिंगटेल म्हणून असतात ना, पोटाखाली दुमडलेला काटा सोडून टुणकन उडणारे, तेच सात प्रकारचे निघाले. त्यातले एक तर निळसर, पेनाच्या शाईचा थेंब सांडावा तसे. माइट, म्हणजे गोचिडीचे बारके भाऊबंद, दहा प्रकारचे, गोल, तपकिरी, पॉलिश केल्यासारखे. एक पांढरीफटक गोम, दोन मिलिमीटरची. आणि एक विंचू! खरंच विंचवासारखा, दोन नांग्या पुढे केलेला, फक्त शेपटी नाही आणि आकार मोहरीच्या निम्मा. मायक्रोस्कोपखाली तो दिसला तेव्हा मी लॅबमध्ये एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या वर्गातून प्राप्ती धावत आली. तिला वाटलं मला शॉक लागला.

तुला माझं प्रोजेक्ट आठवत असेलच, तू कितीदा माझ्याबरोबर माती उकरायला आलेलीस. जमीन कशासाठी वापरली की तिच्यातले हे बारके प्राणी किती उरतात, एवढाच प्रश्न. सात जागा घेतलेल्या. तुमची सोडून त्यातल्या चार सांगते. भराव टाकून गाड्या उभ्या करतात तिथे एकच प्रकार, तोही जेमतेम. बंद पडलेल्या वीटभट्टीवर तीन. त्या मोठ्या सोसायटीची बाग आठवते, जिथे वॉचमनने आपल्याला हाकललेलं? हिरवीगार दिसते, पण माती बाहेरून आणलेली आणि दर महिन्याला फवारणी. सहा. आंब्याच्या वाडीत एकोणीस. आणि तुमच्याकडे तेवीस, सातही जागांत सगळ्यांत जास्त. तुझ्या बाबांनी बांधावरचं गवत कधी जाळलं नाही आणि औषध मारलं नाही, त्याचा यात मोठा हात असणार असं प्रोजेक्टच्या शिवानी मॅडम म्हणतात. ओल, सावली, कुजलेला पाला, सगळं त्या बांधात आहे. कापणी झाली की शेतातले जीव तिथे सरकत असतील का, हे मला पुढे बघायचंय. बघ, मी परत वाहवत चालले.

तू आता कपाळाला आठ्या घालून विचारशील की मग नोव्हेंबरात दोनच कसे सापडले.

तेच सांगायचंय. दोन पानं त्याच्या भोवतीच फिरतेय मी.

माती तपासायची पद्धत तुला माहीत आहे. नरसाळ्यात चाळणी, चाळणीवर माती, खाली स्पिरिटची बाटली आणि वर बल्ब. बल्बच्या उबेने माती वरून सुकत जाते, तसे जीव ओलाव्याकडे खाली खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. बाकी सहा जागांची माती मी ठाण्याला कॉलेजच्या लॅबमध्ये लावलेली. तुमची घेतली ती १ नोव्हेंबरला, तेव्हा लॅब दिवाळीच्या सुट्टीत बंद. मला थांबवेना. घरीच शिडीखाली नरसाळं लावलं आणि पप्पांनी आणलेला बल्ब वर टांगला. चार दिवसांनी बाटलीत दोन माइट. मला वाटलं, खारं पाणी, युरिया, संपलं शेत.

तो बल्ब एलईडी होता, वर्षू. आमच्या चाळीत आता सगळीकडे तेच आहेत, बिल कमी येतं म्हणून. त्याचा उजेड पडतो, पण ऊब नसते. माती सुकलीच नाही. वरचे जीव वरच आरामात बसून राहिले, आणि मी ती माती नंतर कुंडीत ओतून टाकली.

पकडलं कोणी, तर आईने. शेजारच्या शकूमावशीला दाखवायला मी नरसाळं परत मांडलेलं. आईने सहज बल्बजवळ हात नेला आणि म्हणाली, "ह्याच्यानं काय ऊब येनार? गावाला कोंबडीच्या पिलांना आम्ही पिवळा बल्ब लावायचो. ह्या पांढऱ्याखाली पिलं मेली असती." माझी आई चौथी शिकलेली. मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. शकूमावशी हसली, मीही हसले, आणि त्या गेल्यावर बल्बखाली स्वतः हात धरून बघितला.

ही परवाची गोष्ट.

नाही. परवाची नाही. हे वाक्य खोडून टाकणार होते, पण राहू दे, बघ मी अजून कशी करते ते. आईने हे १९ नोव्हेंबरला सांगितलं. म्हणजे मी तुमच्या ओटीवर बोलून गेले त्यानंतर दहा दिवसांनी आणि सेमिनारच्या आठ दिवस आधी.

मला तो रविवार पाठ आहे. काका जाळं शिवत बसलेले. मी वही उघडून सांगितलं, "काका, तुमच्या मातीत काहीच उरलेलं नाही." काकांनी मान वर न करता विचारलं, "मंग भात कशावर येतंय गो पोरी?" आणि मी काय म्हणाले? "खतावर, काका." हुशारीने. तू दारात उभी होतीस, तुझा चेहरा मला दिसला होता. चिरागदादा तर वाटच बघत होता. "बाबा, ऐकलं का? शिकलेली पोरगी बोलते, माती मेलेली हाय. मेलेल्या मातीवर कशाला घाम गाळता? भराव टाकू, गाड्या लावायला देऊ." काका दोन वर्षं त्याला नाही म्हणत होते. त्या दिवशी सुई बाजूला ठेवून म्हणाले, "शिकलीस तू. बोलतंस तं खराच आसल."

तू मला फाटकापाशी गाठून जे बोललीस, "तुला कोणी विचारलेलं? एवढी मोठी सायंटिस्ट झालीस काय?", त्याचा मला महिनाभर राग होता. आज नाही.

माझ्या घरात माझ्या आधी कोणी बारावीच्या पुढे गेलं नाही. मी काही म्हटलं की पप्पा चाळीत सांगतात, "आमची अमृता म्हणते," आणि वाद मिटतो. मला ते फार आवडतं, वर्षू. तुझ्या बाबांनीही तसंच मानलं तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं, आणि मला आनंद झाला. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

१९ तारखेला कळलं तेव्हाच मी तुमच्याकडे धावत यायला हवं होतं. त्याऐवजी मी सेमिनारचं पोस्टर चिकटवत बसले. त्यावरच्या आलेखात तुमच्या शेताचा छोटासा खांब इतका छान दिसत होता. 'शहराजवळची शेतीही मृत' असा मथळा दिलेला मी. पहिलं बक्षीस मिळालं. पप्पांनी चाळीत पेढे वाटले.

मग काकू मला बाजारात भेटल्या. कोलंबी निवडता निवडता म्हणाल्या की सोमवारी, १५ तारखेला डंपर येणार आणि काका हल्ली शेताकडे फिरकतच नाहीत. मी त्यांना तिथेच म्हटलं, मला ती माती परत तपासायचीय. ३ तारखेला, तू ड्युटीवर असताना, काकूंनीच मला शेतावर नेलं. तुझ्यापासून लपवलं, त्याचा राग त्यांच्यावर काढू नकोस. ती माती नीट मिसळून मी तिचे दोन सारखे भाग केले. लॅबमध्ये शेजारी शेजारी लावले, एकावर एलईडी, एकावर जुना पिवळा बल्ब. एलईडीखाली पाच दिवसांत तीन जीव. पिवळ्याखाली चारशे बारा. एकाच शेतातली माती, वर्षू! मला नाचावंसं वाटत होतं आणि रडावंसंही वाटत होतं, आणि मी आधी थोडी नाचले हे कबूल करते. नोव्हेंबर आणि डिसेंबर यातही थोडा फरक असेल, म्हणून सातही जागा मी एकाच महिन्यात पुन्हा करणार आहे. पण तुमची माती मेलेली नाही, एवढं मी आज ठामपणे सांगू शकते.

काल शिवानी मॅडमना सगळं सांगितलं, कधी कळलं त्या तारखेसकट. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "बल्ब चुकतो गं, माझेही चुकलेत. गप्प बसलीस ते वेगळं. बक्षीस परत करायचं पत्र तूच लिही, आणि त्यात खरं कारण घाल." ते लिहून दिलं. वर्गात सगळ्यांना कळलंय. घरी पप्पांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "म्हंजे मी आणलेल्या बल्बानं तुझं नुकसान झालं का?" त्यांना समजावता समजावता माझी पुरेवाट झाली.

आता काम. सोमवारच्या आत काकांना हे कळायला हवं, आणि ते चिठ्ठीने नाही. रविवारी सकाळी नऊला मी तुमच्याकडे येतेय. मॅडमनी लहान मायक्रोस्कोप दिलाय. काकांनी स्वतः डोळा लावून बघावं. भराव टाकायचा की नाही हे काका आणि दादाच ठरवतील, त्यात मी एक शब्द बोलणार नाही. दादाची अडचणही खोटी नाही, मला माहीत आहे. पण टाकायचाच असेल तर माती जिवंत आहे हे माहीत असताना टाकावा. माझ्या चुकीवर नको.

चिरागदादा विचारेलच, "तवा खरं बोललीस का आता?" त्याला मी सांगणार आहे की तेव्हा चुकले आणि नंतर कळूनही गप्प राहिले. हे दुसरं वाक्य बोलताना माझा आवाज जाणार आहे, मी आरशासमोर करून बघितलंय. पण काकांच्या समोर, ओटीवर, सगळ्यांच्या देखत बोलणार.

तू माझ्या बाजूने बोलू नकोस. माफ कर असंही मी आज म्हणत नाही. फक्त रविवारी नऊला घरी थांब, आणि मी मधेच काही गाळलं तर तिथेच अडव.

तुझी म्हणू की नको, हे तुझ्यावर सोडलेली,
अमृता